ट्यूबचा पांढरा ती ठरवायची

मला लाल रंग दिसत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आयुष्यभर सांगितलं नाही.

आंधळा नाही मी. टोमॅटो दिसतो, कुंकू दिसतं, पण लाल म्हणून दिसत नाही. गडद लाल मला काळाच वाटतो. हिरवा आणि तपकिरी यातला फरक कळत नाही. सिग्नलला वरचा दिवा पेटलाय की खालचा, एवढं बघून मी आधी सायकल आणि मग स्कूटर चालवली, आणि कुणाला धडकलो नाही. आणि असल्या माणसानं धंदा काय केला, तर कलर टीव्ही आणि मॉनिटर दुरुस्तीचा. नारायण पेठेत, दहा बाय बाराचं दुकान. त्यातही माझं नाव होतं ते मेलेल्या पिक्चर ट्यूबमध्ये जीव आणणारा म्हणून. लांबलांबून लोक यायचे. हडपसरहून, मांजरीहून रिक्षात टीव्ही मांडीवर घेऊन यायचे.

आताच्या मुलांनी पिक्चर ट्यूब बघितली नसेल, म्हणून सांगतो. पुढे काच, मागे निमुळती होत गेलेली मान. त्या मानेत तीन गन असतात. एक लाल रंगाची, एक हिरव्याची, एक निळ्याची. गनचं टोक तापतं तेव्हा चित्र निघतं. वर्षानुवर्षं तापून तापून त्या टोकावर राप धरतो, तव्यावर धरतो तसा. मग चित्र अंधारं होतं, रंग उडतात. ट्यूब वीक झाली म्हणायचे. नवी ट्यूब म्हणजे जवळजवळ नवा टीव्ही, मग लोक माझ्याकडे यायचे. मी एक लाकडी पेटी बनवली होती. आत दोन ट्रान्सफॉर्मर, वर एक बटण आणि एक साधा बल्ब. टोक नेहमीपेक्षा जास्त तापवायचं आणि बटण दाबून एक झटका द्यायचा. मानेत बारीक ठिणगी उडते, पेटीवरचा बल्ब लागतो. राप जळतो, खालचा ताजा थर वर येतो. ट्यूब आणखी वर्ष-दोन वर्षं चालते.

पण झटका एकच. फार तर दोन. तिसरा दिला तर रापाबरोबर थरही जातो, आणि ती गन कायमची मेली. म्हणून प्रत्येक झटक्यानंतर चित्र लावून बघावं लागतं की रंग आला का. तो रंग मला दिसत नव्हता. तो ती बघायची, माझी बायको.

तिला हे कळलं आमच्या पहिल्या संक्रांतीला. नव्या सुनेला काळी साडी घ्यायची असते. मी कुणाला न विचारता लक्ष्मी रोडला गेलो आणि ढिगातून एक साडी उचलून आणली. तिनं घडी उलगडली.

"ही काळी का?"

"मग काय पांढरी?"

"अहो, ही डाळिंबी आहे."

मी म्हणालो, तुझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि एका ताटात टोमॅटो, हिरवी मिरची, कुंकवाची डबी आणि गुळाचा खडा घेऊन आली. दार लावून घेतलं आणि एकेक उचलून विचारायला लागली, हे कसलं, हे कसलं. शाळा सातवीत सुटल्यानंतरची ती माझी पहिली परीक्षा. हिच्यातही नापास. मला वाटलं आता सगळ्या घराला कळणार. आईनं साडी बघून कपाळाला हात लावला तेव्हा ही सरळ म्हणाली, "मीच म्हणाले होते यांना, डाळिंबी आणा. काळी माझ्या बहिणीकडून मागून नेसते." लग्नाला पुरते दोन महिने झाले नव्हते, आणि माझ्यासाठी ती सासूशी खोटं बोलली.

तेव्हा मी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही दुरुस्त करायचो. त्यात रंगाचा प्रश्नच नव्हता. पुढे कलर सेट आले तेव्हा मी म्हणालो, आपलं आटपलं, आता रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त करायचे. ती म्हणाली, "मी बसते समोर. तुम्ही मागून फिरवा."

आमची खोली दुकानाच्या मागेच होती. ती भाजी निवडायला घेऊन यायची आणि टीव्हीसमोर स्टुलावर बसायची, रस्त्याकडे पाठ करून. मी टीव्हीच्या मागे, हातात स्क्रू-ड्रायव्हर. दुसरे मेकॅनिक समोर आरसा ठेवतात आणि मागून आरशात बघून रंग लावतात. मला आरशाचा काय उपयोग? रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टेसुद्धा तीच वाचून दाखवायची. येणाजाणाऱ्यांना वाटायचं, बाईंना टीव्हीचं भारी वेड. गिऱ्हाईक चेष्टा करायचं, "काय वहिनी, फुकटात पिक्चर?" ती हसायची आणि गवारीच्या शिरा काढत राहायची.

कलर सेटमध्ये सगळ्यात अवघड असतो पांढरा. तिन्ही गन बरोबर तोलल्या तरच तो पांढरा होतो, नाहीतर कुठल्यातरी रंगाकडे झुकतो. तिला यातलं काही शिकवलेलं नव्हतं, आणि शिकवणार कोण, मी? तिनं आपले शब्द काढले. पांढरा पिवळटला की म्हणायची, "साय आली." निळा जास्त झाला तर "चुना". हिरवट झाला तर "ताक". लाल जास्त झाला तर "गुलकंद पडला". मग मी ठरलेला स्क्रू ठरलेल्या बाजूला फिरवायचो. साय म्हणजे निळा वाढव, गुलकंद म्हणजे लाल उतरव. एवढंच मला पाठ होतं. साय कशी दिसते ते नाही. शेवटी ती म्हणायची, "दूध. बास." की मी हात काढायचो.

झटका देतानाही तसंच. "अजून नाही आला." मग, "आला. बास, आता लोभ नको." लोभ हा तिचा शब्द. ट्यूब अजून उजळेल असं वाटून मी बटणाकडे हात नेला की ती स्टुलावरून उठायची. बोलायची नाही, नुसती उठायची.

गिऱ्हाईक टीव्ही घ्यायला यायचं, चित्र बघून म्हणायचं, कलर लावावा तर तुम्हीच. मी म्हणायचो, सवय आहे. ती मागच्या खोलीत असायची, सगळं ऐकू येत असणार. एकदा, असंच कुणीतरी भरपूर कौतुक करून गेल्यावर, ती बाहेर आली आणि म्हणाली, "एकदा सांगा ना कुणाला तरी."

"काय सांगू?"

"की पांढरा मी लावते. पाटीवर नको. पेपरात नको. तोंडानं सांगा. एकाला सांगितलंत तरी पुरे."

"सांगू की," मी म्हणालो.

मनात म्हणालो, ज्याला रंग दिसत नाही त्याच्याकडे कलर टीव्ही कोण आणून देईल? दुकान बंद पडेल. तेव्हा हे खरंही होतं. पण पुढे पातळ टीव्ही आले, ट्यूबचे सेट भंगारात गेले, धंदा तसाही बसला. तेव्हा सांगायला काय हरकत होती? हरकत कसली, सवय होती. लोकांनी मला उस्ताद म्हणायचं आणि मी मान हलवायची. तिनं परत कधी विचारलं नाही. ती एक गोष्ट दोनदा मागणारी बाई नव्हती.

गेल्या वर्षी ती गेली. पोटाचा आजार, चार महिने. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. कुणीतरी म्हणालं, किती तेज दिसतंय बघा कपाळावर. मला तिच्या कपाळावर काळा पट्टा दिसला. इतकी वर्षं मी तिच्या कपाळावरचं कुंकू काळंच बघत होतो, त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, एकदा तरी हिला विचारायला पाहिजे होतं, तुझं कुंकू कसं दिसतं गं.

भेटायला लोक आले. जुनी गिऱ्हाइकं आली, शेजारचे बाइंडरही आले. आमच्या दोघांच्या दुकानांच्या मध्ये नुसती लाकडी फळी, ते पुस्तकं बांधतात. सगळे खाली बसले. कुणीतरी म्हणालं, वहिनींची साथ होती तुम्हाला. इथे सांगता आलं असतं. घर भरलेलं होतं, सगळे माझ्याकडेच बघत होते. मी म्हणालो, "हो, स्वयंपाक फार चांगला करायची." स्वयंपाक! बाइंडरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं.

त्यानंतर आठेक महिन्यांनी तो माणूस आला. पस्तीस-चाळिशीचा, हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत. गाडीच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून एक जुना कॉम्प्युटरचा मॉनिटर आणला होता. चौदा इंची, ट्यूबवाला. जुने मॉनिटर जमवायचा नाद त्याला.

"काका, हे मॉडेल आता कुठंच मिळत नाही. मी तीन वर्षं शोधत होतो. पण रेड एकदम वीक झालंय. सगळीकडे विचारलं, पुण्यात आता फक्त तुम्हीच हे करता म्हणतात."

मी मॉनिटर लावला. मला चित्र बरं दिसत होतं. तिथेच मी उठून त्याला हात जोडायला पाहिजे होते. पण "फक्त तुम्हीच" म्हणाला ना. आठ महिन्यांत माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. मुलगी रविवारी डबा घेऊन यायची आणि माझे कपडे बघून परत घेऊन जायची धुवायला, एवढाच माझा उपयोग.

"जुनी ट्यूब आहे," मी म्हणालो. "गॅरंटी नाही."

"माहितीये काका. पण तुमच्या हातात देतोय ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून काम काढलं. पेटीवरची धूळ पुसली. मागचं झाकण उघडलं, मानेवरचा सॉकेट काढला, माझी वायर लावली. लाल गनवर घेतलं. पाच मिनिटं तापू दिलं. हे सगळं माझे हात आपोआप करत होते. स्टूलही मी आपोआपच मॉनिटरसमोर ठेवलं होतं. ते ठेवल्यावर लक्षात आलं, आणि मग उचलवेना.

मुलीला फोन करता आला असता. ये, समोर बस, एवढंच सांगायचं होतं. पण तिलाही ही गोष्ट माहीत नाही. तिला वाटतं बाप रंगांचा उस्ताद. मीटर लावून गन किती उठली ते बघता येतं, मीटरही होता. पण त्याची सवय कधी केली नाही. माझा मीटर स्टुलावर बसून भाजी निवडायचा.

पहिला झटका दिला. बल्ब लागला, विझला. सॉकेट परत लावून चित्र आणलं आणि पुढे येऊन बघितलं. आहे तसं. म्हणजे लाल आला असेल आणि मला दिसत नसेल, किंवा आलाच नसेल. दोन्ही मला सारखंच. परत मागे गेलो. दुसरा दिला. परत पुढे. काही कळेना. खुर्चीवर बसलो थोडा वेळ. खरं सांगतो, मी वाट बघत होतो. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. माणूस गेलंय हे माहीत असताना माणूस वाट बघतं, याला काय म्हणावं? वेड म्हणावं. मग मला राग आला. तिचा आला की माझा ते माहीत नाही. उठलो आणि तिसरा झटका दिला. बटणावर बोटही जास्त वेळ राहिलं. मानेतून टिक् असा आवाज आला.

चित्र लावलं. पांढरा पडदा घेतला. मला तो स्वच्छ दिसला. अगदी शुभ्र. मी दुकानात एकटाच मोठ्यानं म्हणालो, "दूध. बास."

बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी नीट जेवलो. वाटलं, आपल्यालाही जमतं की. तिच्याशिवाय जमतं. त्या माणसाला कामातून येता येईना, त्यानं गाडी पाठवून मॉनिटर नेला.

रविवारी सकाळी तो स्वतः आला. चादरीची तीच गुंडाळी. टेबलावर ठेवली, वायर लावली, बरोबर आणलेल्या, सिग्नल देणाऱ्या छोट्या डबीतून पांढरा पडदा आणला.

"काका, कसा दिसतोय?"

"चांगला आहे की. शुभ्र."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असणार, पेठेतला दुकानदार, टोमणा मारतोय.

"काका, चेष्टा नका करू प्लीज. रेड पूर्ण गेलंय. आधी थोडं तरी होतं, आता झीरो."

"मला पांढरा दिसतोय."

त्यानं माझ्या टेबलावरचा एक कोरा कागद उचलला आणि पडद्याशेजारी धरला. "हा आणि हा, सेम दिसतात तुम्हाला?"

"हो."

त्यानं कागद हळूच खाली ठेवला. मला तिच्या हातातलं ताट आठवलं, टोमॅटो, मिरची. मी तिसऱ्यांदा नापास. पण तो मुलगा चांगला होता. माझी लाज राखायला त्यानंच मला वाट काढून दिली. म्हणाला, "असू दे. जुनी ट्यूब होती, जाते कधी कधी. तुम्ही आधीच सांगितलं होतं गॅरंटी नाही."

मी फक्त मान हलवायची होती. आयुष्यभर हलवली, अजून एकदा हलवायला काय जात होतं? हलत नव्हती.

"ट्यूब गेली नाही," मी म्हणालो. "मी मारली. मला लाल दिसत नाही. जन्मापासून."

"म्हणजे? मग इतकी वर्षं..."

"बायको बघायची. ती समोर बसून सांगायची, मी मागून फिरवायचो. ती गेल्या वर्षी गेली."

तो चिडला, आणि त्याचं चिडणं बरोबरच होतं. "काका, हे तुम्हाला माहीत होतं ना? मग घेतलात कशाला? मला सांगायचं तरी, मी बसलो असतो समोर! तीन वर्षं शोधलाय मी हा."

"हो."

"हो काय?"

"हो म्हणजे चूक माझी. बोला अजून, मी ऐकतो."

पण त्यानं मॉनिटर बंद केला, वायर गुंडाळली. चादरीची गाठ मारता मारता म्हणाला, "म्हणजे लोक जे सांगतात, नारायण पेठेतला तो पांढरा, तसा कुणाला जमत नाही... तो काकूंचा?"

"सगळे तिचे. माझा एकच, हा."

"काकूंचं नाव काय?"

मी सांगितलं. दुकानात उभं राहून तिचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. अगं, ऐकलंस का, एवढ्यावर सगळं भागलं होतं. त्यानं ते नाव एकदा म्हणून बघितलं, मान हलवली आणि मॉनिटर उचलून गेला. जिना नसतानाही जपून पावलं टाकत गेला, चादरीत काही जिवंत असल्यासारखा.

एकदा तोंड उघडल्यावर मला राहवेना. तसाच शेजारी गेलो. बाइंडर एका जाड वहीच्या पुठ्ठ्याला खळ लावत होते. मी दारातच म्हणालो, "एक सांगायचंय. आमच्या दुकानात रंग मी कधीच लावले नाहीत. मला रंग दिसत नाहीत. ती लावायची."

त्यांनी कुंचला थांबवला नाही. "माहितीये."

"काय माहितीये?"

"अहो, मध्ये फळी आहे, भिंत नाही. इतकी वर्षं रोज ऐकतोय, साय आली, चुना झाला, गुलकंद पडला. पहिल्यांदा वाटलं वहिनी पदार्थ सांगतायत. मग कळलं. दुकान तुमचं, हुकूम त्यांचा."

"आणखी कुणाला माहीत होतं?"

"सगळ्या गल्लीला. गिऱ्हाइकं आधी मला विचारायची, वहिनी आहेत का घरात? त्या माहेरी गेलेल्या असल्या की टीव्ही आणायची नाहीत. तुमच्या लक्षात आलं नाही कधी?"

आलं नव्हतं. ती माहेरी गेली की धंदा बसतो एवढं माहीत होतं, मी म्हणायचो, बायको म्हणजे लक्ष्मी.

"मग कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही झाकत होता. त्याही झाकत होत्या. आम्ही कशाला उघडं करायचं? बरं दिसतं का ते?"

"तिला माहीत होतं का, तुम्हाला माहीत आहे ते?"

आता कुंचला थांबला.

"नसावं," ते म्हणाले. "मी तरी बोललो नाही. त्या भाजी घेऊन जाताना दिसायच्या, मी म्हणायचो काय वहिनी, आज कुठला पिक्चर? त्या हसायच्या."

खळ वाळायला लागली म्हणून त्यांनी पुठ्ठा दाबला आणि वर वजन ठेवलं. मला म्हणाले, बसा. मी बसलो नाही.

ती रोज रस्त्याकडे पाठ करून बसली, आपल्याला कुणी ओळखू नये म्हणून. आणि पाठीमागून सगळे ओळखून होते, मान देऊन होते, तिच्यासाठी म्हणून माझ्याकडे येत होते. तिनं एकच माणूस मागितला होता, तोंडानं सांगणारा. आख्खी गल्ली होती. कुणी बोललं नाही, आणि त्यात पहिला मी.